आणखी एक वर्ष मागे

बस स्टँडवर शेवटचं रोटी पार्सल उरलं होतं आणि त्यावर आम्हा दोघांचे हात एकदमच पडले. त्याने हात मागे घेतला, हसला आणि म्हणाला, "घे तू. अर्धं दिलंस तर मात्र नाही म्हणणार नाही." मी अख्खं खाल्लं, त्याच्या देखत.

तासाभराने तोच माणूस सुवाच्या पावसात चिंब भिजून आमच्या फिजी सरकारच्या ऑफिसात उभा. आपियाहून आलेला, सामोआ सरकारचा माणूस, नाव फिलिपो. फिजी आणि सामोआ, दोन्ही सरकारांच्या खर्चात शिक्षणाचा वाटा दहा वर्षांत कसा बदलला, याची तुलना आम्ही दोघांनी मिळून करायची होती.

आमच्याकडे अशी तुलना म्हणजे रग्बीचा सामनाच. आलेखावर माझ्या फिजीची रेघ निळी, त्याच्या सामोआची लाल. माझी वर गेली की मी त्याला चिडवायची. त्याची गेली की तो माझ्या पुढ्यातले कसाव्याचे काप पळवायचा. बोलता बोलता त्याचं कोपर माझ्या कोपराला लागायचं... आणि ते हलवायला आम्ही दोघंही विसरायचो.

मग लुपे आली. म्हणजे आली कुठली — ती आपियाच्या शिक्षण खात्यात, जुने आकडे तिच्याकडे. रोज दुपारी फिलिपो व्हरांड्यात जाऊन तिला फोन करायचा, आपल्या भाषेत गोड गोड बोलायचा आणि पोट धरून हसायचा. मला त्यातले दोनच शब्द कळायचे: लुपे आणि तोकासा. तोकासा म्हणजे मी. माझ्यावरच हसत होती दोघं. नुसता जळफळाट व्हायचा माझा.

दहा वर्षांचे आकडे मांडून झाले, तर हा म्हणे, अंदाजपत्रकातला आकडा वेगळा आणि झालेला खर्च वेगळा, तोही मागवू. तो आला, तर म्हणे पंधरा वर्षं घेऊ. मग वीस. वादळानंतर शाळा नव्याने बांधल्या म्हणून तुमचा खर्च फुगला, त्याआधीचं पाहिल्याशिवाय कसं कळणार? मुद्दा बिनतोड होता, म्हणून तर जास्त राग आला. लुपेला फोन करायला निमित्त हवं होतं, दुसरं काय.

शेवटी मी आलेखातल्या रेघा मुद्दाम त्या वादळाच्या वर्षापासून सुरू केल्या, आधीची वर्षं गाळून. फिजी आभाळात, सामोआ पायाशी.

"झाला अहवाल," मी म्हटलं. "शनिवारच्या विमानाने जा आता. तुझी लुपे वाट बघत असेल."

त्याने रेघांच्या पहिल्या वर्षावर बोट ठेवलं. "हे खोटं आहे, तोकासा," हळूच म्हणाला, "आणि तुला ते माहीत आहे." आणि छत्री न घेताच पावसात निघून गेला.

त्याचा फोन मेजावरच राहिला होता. तो वाजला. लुपे. मी उचलला.

"तोकासा का तू? एकदाची सापडलीस," दमलेला, खरखरीत आवाज आला. "अगं बाई, त्याला हो तरी म्हण, नाहीतर घरी तरी पाठव. मी शाळेत होते तेव्हाच्या फायली उपसतेय. रोज विचारते, बोललास का तिच्याशी? रोज म्हणतो, आज नाही जमलं, आणखी एक वर्ष मागचं पाठव, तेवढाच एक दिवस तिच्याशेजारी."

"मला वाटलं, तू आणि तो..."

ती इतकी हसली की तिला शिंका आल्या.

मी रेघा पुन्हा काढल्या, पूर्ण वीस वर्षांच्या, होत्या तशा. बऱ्याच ठिकाणी लाल वर होती. कागद पोटाशी धरून बस स्टँड गाठलं. रोटीवाल्याच्या छपराखाली तो निथळत उभा होता.

"मी जळत होते," कागद देत म्हटलं. "तुझ्या फोनवर, लुपेवर, अख्ख्या सामोआवर."

त्याने कागद पाहिला, मग मला. "लुपे बोलली?"

"सगळं."

त्याचे कान लाल झाले. "म्हणजे मागे जायचं निमित्त गेलं."

"मागे जाऊन जाणार किती? तुम्ही बासष्टला स्वतंत्र झालात, आम्ही सत्तरला. आठ वर्षं तुझी रेघ एकटीच पडली असती."

"मग?"

"मग पुढची वर्षं बघू — थांबणार असशील तर."

"थांबेन," तो म्हणाला. एवढंच.

टोपलीत एकच पार्सल उरलं होतं. मी ते घेतलं आणि या वेळी अर्धं त्याला दिलं.