कसली तारीख?

माझी छत्री त्याच्या काळ्या कोटात अडकली ती कोर्टाच्या जिन्यात. मी घाईत, तो घाईत, आणि छत्रीची काडी थेट त्याच्या खिशात!

“अहो बाई, फी घेत नाही मी. निदान कोट तरी राहू द्या!”

“मग ते मोफत सल्ला केंद्र कुठेय, तेवढं सांगा!” मी खेकसले. जीव टांगणीला लागलेला, कसला कोट आणि कसलं काय!

“तिथंच बसतो मी,” तो म्हणाला. पावसाचं पाणी भुवईवरून ओघळत होतं… आणि तो हसत होता. अशा वेळीही मला ते दिसलं, म्हणजे कमालच माझी.

ताई आणि भाऊजी अपघातात गेले, तेव्हापासून त्यांची बबडी माझ्याकडे. सहा वर्षांची. मला ‘माऊ’ म्हणते आणि झोपेत माझा कान धरून ठेवते. आता तिच्या काकांनी ताबा मागितला होता – एकट्या बाईच्या घरी पोर कशी वाढणार म्हणे! मी चष्म्याच्या दुकानात नोकरी करते, दोन खोल्यांत राहते. बबडी गेली तर त्या खोल्यांत मी करायचं काय?

त्यानं सगळं ऐकून घेतलं. “पोरीला काही पढवायचं नाही. एक शब्दही नाही. न्यायाधीशबाई तिला एकटीला विचारतील.”

“आणि ती भलतंच बोलली तर?”

“बोलू दे की. खरं बोलली म्हणजे झालं.”

झालं! तारखांवर तारखा सुरू झाल्या. त्याचा फोन आला की मी हातातलं काम टाकून धावायचे.

“तारीख मिळाली का?”

“मिळाली. तुम्ही जेवलात का?”

सह्या घ्यायला घरी आला, की निघताना दारात उगाच रेंगाळायचा.

“अजून काही राहिलंय का?” मी विचारायचे.

“राहिलंय… पण तुम्ही माझ्या पक्षकार आहात.”

“म्हणजे?”

“म्हणजे राहू दे.”

अस्सा राग यायचा! दार लावून घ्यायचे आणि आरशात जाऊन केस नीट करायचे.

शेवटी न्यायाधीशबाईंनी बबडीला आपल्या दालनात बोलावलं. मी बाहेर नखं कुरतडत बसले. मग आम्हा सगळ्यांना आत घेतलं. न्यायाधीशबाईंचा चष्मा नाकावर सैल झाला होता, त्याच्यावरून त्या माझ्या वकिलाकडे बघत होत्या.

“ही म्हणते, तुम्ही आणि माऊ सारखी तारीख ठरवता. शेजारच्या दादाच्या लग्नाची ठरवली, तशी. खरं का?”

“कसली तारीख? अहो, कोर्टाची तारीख!” मी ओरडलेच. काकांचे वकील गालातल्या गालात हसले.

“लग्नाचं राहू द्या. वकील आणि पक्षकार यांच्यात तसं काही आहे का?” न्यायाधीशबाईंनी विचारलं.

नाही म्हण. अरे बाबा, नुसतं नाही म्हण!

“त्यांच्या बाजूनं नाही,” तो म्हणाला. “माझ्या… माझ्या बाजूनं आहे. मी वकीलपत्र सोडतो.”

बाहेर आल्यावर मी रडत रडत भांडले. “डोकं ठिकाणावर आहे का? माझी बबडी जाईल ना!”

“खोटं बोललो असतो आणि उद्या काकांच्या वकिलांनी ते उकरून काढलं असतं, तर नक्की गेली असती.” त्यानं माझी फाईल माझ्या हातात दिली. “केंद्रातल्या वकीलबाई उभ्या राहतील. माझ्यापेक्षा हुशार आहेत.”

त्यानंतर तो फिरकला नाही. फोनसुद्धा नाही. बबडीचा विचार करता करता मी त्याचाही विचार करत होते, आणि त्याबद्दल स्वतःलाच बोल लावत होते.

निकालाच्या दिवशी न्यायाधीशबाईंनी बबडीचं म्हणणं वाचून दाखवलं. “माऊ रागावते, पण मग तीच रडते. मला तिच्याकडेच राहायचंय.” बबडी माझ्याकडे. काकांनी रविवारी भेटायचं.

बाहेर तो भिंतीशी उभा होता. माझ्या डोळ्यांतून नुसतं पाणी. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

“गेली?”

“नाही हो! राहिली… माझ्याकडेच राहिली!”

त्यानं डोळे पुसले, मान हलवली, आणि गपचूप निघालाच की!

“ओ वकीलसाहेब! न्यायाधीशबाईंना सांगितलंत, काकांना सांगितलंत, त्यांच्या वकिलालाही सांगितलंत… मला कधी सांगणार?”