भातावरची सीमारेषा

वाऱ्याने छत्री उलटी केली, तशी ऋता धावतच होदानच्या खाणावळीत शिरली. डीमन या डच गावातल्या त्या सोमाली खाणावळीत एकच टेबल रिकामं होतं — म्हणजे तसं रिकामं नव्हतंच, कारण तिथे बसलेला एक मुलगा फोनवर सांगत होता, "आई, जेवतोच आहे गं!"

"बसू का इथे?" ऋताने मराठीतच विचारलं.

तो दचकला. "बसा ना! मी स्वप्निल. विमानतळाजवळ, बाडहूव्हडॉर्पला कार्गोत आहे."

ऋता विद्यापीठात सोमालियातल्या एका छोट्याशा, हमरस्त्यावरच्या गावाचा अभ्यास करत होती. होदान त्याच गावची. पण समोरचा माणूस जेवायला लागल्याशिवाय ती गावाबद्दल चकार शब्द काढत नसे.

होदानने दोघांमध्ये एकच मोठं ताट ठेवलं. भात, मटण आणि वर एक केळं.

"वेगळं ताट?" ऋताने विचारलं.

"आमच्याकडे ट्रकवाले, व्यापारी, ओळख नसली तरी एकाच ताटात जेवतात," होदान डचमध्ये म्हणाली. "भांडण झालंय का तुमचं?"

दोघंही पुण्याचे. एकमेकांचं उष्टं खायचं कसं? स्वप्निलने चमच्याने भातात सरळ रेघ ओढली. "ही तुमची बाजू, ही माझी."

"मटण सगळं तुमच्याकडे गेलं की!"

"भूगोल आहे. मी काय करणार?"

ऋताने शांतपणे त्याच्या बाजूचा एक तुकडा उचलला.

"अहो, घुसखोरी!"

"व्यापार." तिने केळं पलीकडे सरकवलं. "हे घ्या."

"भाताबरोबर केळं?" त्याने भीत भीत घास घेतला... आणि लगेच दुसरा.

होदान खळखळून हसली आणि बोलू लागली. बंदराकडून येणारे ट्रक, साखरेची पोती, बकऱ्यांचा बाजार, रस्त्याकडेला चहा विकणारी तिची आई. ऋता फोनवर रेकॉर्ड करत होती. भातातली रेघ कधीच मोडली होती. हे ताट संपूच नये, असं स्वप्निलला वाटत होतं.

ते संपलं.

"माझं काम झालं," ऋता म्हणाली. "शेवटचीच मुलाखत होती. आता इकडे येणं नाही व्हायचं."

स्वप्निल एकदम म्हणाला, "शनिवारी हार्लेम शहरात तुमचं काही काम आहे?"

"नाही..."

"माझंही नाही." त्याचे कान लाल झाले. "मग — जाऊ या?"

ऋताने हसू दाबलं. "तिथे जाऊन करायचं काय?"

"काहीच नाही," तो म्हणाला. "दिवसभर."

"सकाळी लवकर निघू या," ती म्हणाली.