खुन्याला फार प्रेमाने वाचता तुम्ही

डोळे तपासायच्या अंधाऱ्या खोलीत, इवल्याशा दिव्याच्या झोतात तो माणूस हातातलं कार्ड वाचू लागला, आणि तिच्या बोटांतली काच खाली पडली.

कार्डावर भयंकर असं काहीच नव्हतं. जवळचं नीट दिसतं का ते पाहायला ती चष्म्याच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला द्यायची, तेच ते. ‘सकाळची वेळ होती. बागेत मुले खेळत होती. माळी झाडांना पाणी घालत होता...’ पण तो आवाज! जड, सावकाश, प्रत्येक शब्दाआधी किंचित थांबणारा. ऐकणाऱ्याला वाटावं, आता या माळ्याचं काही खरं नाही.

हाच आवाज गेले कित्येक दिवस तिच्या कानात होता. येता-जाता, भाजी चिरताना ती एक रहस्यकादंबरी ऐकायची, रोज एक भाग. त्यातला खुनी प्रेताच्या उशाशी बसून अंगाई म्हणायचा. आणि बोलायचा तो नेमका असाच.

“काय झालं?” त्याने विचारलं.

“तुम्ही... तुम्ही पाच बायकांचे खून केलेत!”

अंधारात खुर्ची करकरली. मग तो हसला.

“चारच. पाचवीचं रेकॉर्डिंग उद्या आहे.”

तिने धडपडत दिवा लावला. समोर खुनी कुठला? शर्टाचं एक बटण चुकवून आलेला, केस विस्कटलेला, कानामागे पेन्सिल विसरलेला एक तरुण खुर्चीत बसला होता. डोळे मात्र... डोळे फार सुंदर होते. रोज शंभर डोळे बघणाऱ्या बाईला असं वाटू नये, पण वाटलं खरं.

“म्हणजे ऐकता तुम्ही?” तो खुलला. “कशी वाटतेय?”

बिचाऱ्याला कौतुक हवं होतं. पण पुस्तकांच्या बाबतीत तिला खोटं बोलणं जमतच नसे. तिची आई कवट्या आणि रक्ताळलेले सुरे छापलेली तिच्या पुस्तकांची मुखपृष्ठं उलटी करून ठेवायची आणि म्हणायची, “असली मतं ऐकली ना, तर चांगला मुलगा दारातून परत जाईल.”

“कादंबरी बरी आहे,” ती म्हणाली. “चुकताय तुम्ही.”

“मी?”

“खुन्याला फार प्रेमाने वाचता तुम्ही. त्याचं वाक्य आलं की आवाज कसा मखमली होतो. आणि आता मरणार आहे ती पाचवी बाई? तिला पोहायला शिकायचंय, तिने नवीन चपला घेतल्यात, बहिणीशी तिचं भांडण झालंय... हे सगळं तुम्ही भराभर उरकता. कधी एकदा ही मरते आणि कधी मी सुटतो, असं.”

तो थक्क झाला. त्याच्या आवाजाची तारीफ सगळे करत. आवाजाशी असं भांडायला कोणी आलं नव्हतं.

“आणि भुताच्या कादंबऱ्या?” त्याने जरा भीत-भीतच विचारलं.

“भूत दाराआड असतं तोवरच भूत. एकदा बाहेर आलं की नुसता मेकअप! आणि ज्या लेखकाने कुत्रं मारलं, त्याचं पुढचं पुस्तक मी घेत नाही.”

“तुम्हाला भीती वाटतच नाही का हो?”

“पुस्तकांची? छे. पुस्तकात शेवटी कोणीतरी सगळ्यांना एका खोलीत बसवतं आणि सांगतं, हे का झालं, कुणी केलं. खऱ्या आयुष्यात कोण सांगतं?”

तिने खाली पडलेली काच उचलून पुसायला घेतली. तिचे बाबा एका सकाळी बुटाची नाडी बांधायला वाकले, ते उठलेच नाहीत. त्यात ना कोणी खुनी होता, ना पुरावा. हे तिने त्याला सांगितलं नाही. पण त्यानेही पुढे हसून विषय उडवला नाही... हे तिच्या लक्षात आलं.

“हनुवटी इथे टेकवा,” ती म्हणाली. “डोळ्यावर हवेची फुंकर येईल. दचकू नका.”

तो दचकला. तिने यंत्रावरचा आकडा पाहिला आणि तीही दचकली. पुन्हा फुंकर. पुन्हा तोच आकडा. डाव्या डोळ्यातला दाब असायला हवा त्याच्या दीडपट होता.

“डोळ्यांच्या दवाखान्यात जा,” ती शक्य तितक्या शांतपणे म्हणाली. “लवकर. हा काचबिंदू असू शकतो. बाजूचं दिसणं हळूहळू कमी होतं त्यात. कळतही नाही. डावीकडून कोणी आलं की दचकता का तुम्ही?”

“मी भयकथा वाचतो, मॅडम. सगळीकडूनच दचकतो.”

ती हसली नाही.

दोन दिवसांनी पाचवीचा भाग आला. ती बटाटा सोलत होती. कानात तोच आवाज, पण आज त्याला कसलीच घाई नव्हती. त्या बाईच्या चपला, तिचं पोहणं, बहिणीला लावलेला आणि न उचलला गेलेला फोन... एकेक गोष्ट तो अशी वाचत होता, जणू त्या बाईला ओळखत होता. अंगाई आली तेव्हा आवाज मखमली झाला नाही. कोरडा राहिला. बटाटा हातातच राहिला आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळू लागलं.

“अगं, काय झालं?” आई घाबरून धावत आली.

“एक बाई मेली.”

“मग? तुझ्या कानात रोजच मरतात की!”

“हो... पण आई, ही खरंच मेली गं.”

तयार चष्मा न्यायला तो आला, तेव्हा तिने नुसतं म्हटलं, “ऐकला भाग.” तो म्हणाला, “मग?” ती म्हणाली, “मग काही नाही.” आणि दोघंही उगाचच चष्म्याच्या डबीकडे बघत राहिले.

त्यानंतर त्याच्या चष्म्याला काय झालं कोण जाणे! दर दोन-चार दिवसांनी स्क्रू ढिला. ती बारीक पेचकस घेऊन बसायची आणि तो काउंटरवर कोपर टेकवून कादंबऱ्यांवरून वाद घालायचा. खुनी आधीच कळला तर मजा जाते, असं त्याचं मत. कळूनही वाचावंसं वाटलं तरच पुस्तक चांगलं, असं तिचं.

“दवाखान्यात गेलात?” ती दर वेळी विचारायची.

“जाईन की!”

शेवटी एकदा तिने चष्मा उजेडात धरला. “स्क्रू आपोआप इतक्यांदा ढिला होत नाही.”

“मग?”

“या प्रकरणात घरच्याच माणसाचा हात आहे.”

तो कानापर्यंत लाल झाला. ती खळखळून हसली. तोही हसत-हसत वळला, आणि डावीकडे उभा असलेला चष्म्यांचा उंच स्टँड धाडकन फरशीवर आदळला. काचांचा सडा पडला. पुरुषभर उंचीचा स्टँड, हातभर अंतरावर... त्याला दिसलाच नव्हता.

आजवर वाचलेल्या एकाही पानाने तिचे हात असे गार पडले नव्हते.

“दिसला नाही तुम्हाला,” ती पुटपुटली. “आणि तुम्हाला माहीत होतं.”

काचा उचलता-उचलता तो थांबला. “माझ्या काकांचे डोळे असेच गेले. वाचून पोट भरतो मी. म्हणून... शेवटचं पान आधी उघडायचं नाही, असं ठरवलंय.”

“तुम्ही उघडलं नाही म्हणून ते छापलेलं नसतं, असं नाही!” ती ओरडलीच. दुकानातली गिऱ्हाइकं चपापून बघू लागली. “तळघरात आवाज येतोय आणि घरमालक पांघरूण ओढून झोपलाय... त्याचं पुढे काय होतं?”

“तळघरात जातात त्यांचंच वाईट होतं,” तो क्षीणपणे म्हणाला.

“एकटे जातात म्हणून होतं. उद्या सकाळी मी येतेय तुमच्याबरोबर.”

दवाखान्यात तपासण्यांवर तपासण्या झाल्या. मग डोळ्यांत औषध घालून त्याला बाकावर बसवलं. डोळे मिटून ठेवा, बोलावतो, म्हणाले. ती हळूच उठून कॉफी आणायला गेली.

परत आली तेव्हा तो डोळे मिटून, शेजारी बसलेल्या कोणाशी तरी बोलत होता. त्याच आवाजात, पण अडखळत.

“...स्क्रू मीच ढिला करायचो, हे तुम्हाला कळलंय. पण एक कळलं नसेल. हल्ली मी लोकांसाठी वाचत नाही. तुम्ही भाजी चिरताना ऐकत असाल, म्हणून वाचतो. आज आत काय सांगतील ठाऊक नाही. डोळे राहतील, न राहतील... आवाज तर राहील. तेवढ्यावर चालेल तुम्हाला? लग्नाबद्दल म्हणतोय मी.”

शेजारी एका डोळ्यावर पट्टी बांधलेल्या आजी बसल्या होत्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“बाळा, मला आमच्या ह्यांना विचारावं लागेल,” त्या म्हणाल्या. “त्यापेक्षा कॉफी घेऊन उभी आहे ना, तिलाच विचार.”

त्याने खाडकन डोळे उघडले. समोर नुसता धुरकट उजेड आणि त्यात एक आकृती. दोन कप धरलेली, मुळीच न हलणारी.

“किती... किती ऐकलंत?”

ती काही बोलणार, एवढ्यात आतून त्याला पुकारलं.

डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं. काचबिंदूच आहे. डाव्या बाजूचं जे गेलं, ते परत येणार नाही. पण उरलेलं पुष्कळ आहे, आणि रोज न चुकता थेंब घातले तर ते टिकेल. वाचायचं? हवं तितकं वाचा. अजून वर्षभर अंगावर काढलं असतं, तर मात्र वाचवण्यासारखं काही राहिलं नसतं.

बाहेर लख्ख ऊन होतं. त्याने डोळ्यांवर हात आडवा धरला. तिने त्याचा दुसरा हात पकडला. तिचा हात अजून गारच होता.

“तुम्ही घाबरलात,” तो चकित होऊन म्हणाला.

“खूप. आयुष्यात इतकी कधी घाबरले नव्हते. पायरी आहे, जपून... जपून उतर.”

तिच्या तोंडून ‘उतर’ निघून गेलं. तो तिथेच थांबला. त्याला तिचा चेहरा नीट दिसत नव्हता. पण ती पळून जात नाहीये, एवढं त्याला दिसत होतं.

“मघाशी त्या आजींना जे विचारलं...” त्याने चाचरत सुरुवात केली.

“हो.”

“हो म्हणजे, ऐकलंस?”

“हो म्हणजे... हो,” ती म्हणाली.