वाडगी रिकामी देऊ नये

रत्ना त्या दिवशी नसरापूरला निघाली, ती पोरीच्या मोबाईलची काच बदलायला, असं घरात सांगून. काच खरंच तडकली होती, त्यामुळं खोटं बोलल्याचं पापही लागलं नाही. मार्गशीर्ष लागला होता, भाताची झोडणी उरकली होती, आणि पाली गावावर सकाळचं धुकं असं बसलं होतं, की समोरचा एवढा राजगड कुणी घोंगडीखाली झाकून ठेवलाय असं वाटावं. जाता जाता तिनं धोंडाबाईची ताकाची चरवी परत दिली. घासूनपुसून, आत मूठभर नवे तांदूळ घालून. कुणाचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, ही रीत ती माहेराहून अंगावरच घेऊन आली होती. भांडं परत द्यायचं म्हटलं की हात आपसूक तांदळाच्या डब्यात जायचा. डोक्याला विचारावं लागत नसे.

खरं काम वेगळंच होतं. तिची सुप्रिया अकरावीला. दिवाळीपासून पोर संध्याकाळी मोबाईल घेऊन चुलीपाशी बसायची आणि मधेच हळू म्हणायची, ‘पाव्हणा आला.’ आणि एकटीच हसायची. वयात आलेली पोर असं हसायला लागली, तर कुठल्या आईला अन्न गोड लागेल? रत्नाचा नवरा धनाजी टेम्पो चालवायचा. त्याच्या कानावर गेलं असतं तर मोबाईल विहिरीत आणि पोर घरात, एवढाच निकाल होता. म्हणून रत्नानं काही न बोलता मोबाईल कणगीत दडवला, पोरीची रडारड सोसली, आणि आज तो कमरेला खोचून वडापच्या जीपमध्ये बसली.

मोबाईलवाला बंडू तिच्या माहेरच्या भावकीतला. त्यानं काच बसवली आणि तिचं सगळं ऐकून घेतलं. मग तो गालातल्या गालात हसायला लागला.

“आक्का, पोरगाबिरगा काय न्हाई ह्यात. गेममधला पाव्हणा हाय त्यो.”

त्यानं तिला उघडून दाखवलं. शेतीचा खेळ होता. सुप्रियानं त्यात आपलं घर थाटलं होतं. पडवी, गोठा, भाताची खाचरं. टेम्पोजवळ धनाजी, चुलीपाशी हिरव्या लुगड्यातली रत्ना, आणि अंगणात पिवळ्या ओढणीची, दोन वेण्यांची, पायात पैंजण घातलेली सुप्रिया. हुबेहूब. बंडूनं समजावलं, की कुस्तीच्या खेळातला पैलवान चार दिवस ह्या शेतीच्या खेळात मुक्कामाला येतो, गाड्यांच्या खेळातला डायवर लढाईच्या खेळात जाऊन येतो. लोक खूश होतात, दोन्हीकडचं गिऱ्हाईक वाढतं.

“कंपन्या-कंपन्यांची सोयरीक असती ती, आक्का.”

रत्नाच्या जिवावरचा धोंडा उतरला. तिला हसूही आलं. मग बंडू एकेक पाव्हणा दाखवायला लागला. हा पैलवान, ही तलवारवाली, हा शेपटीचा. आणि त्याचं बोट थांबलं.

अंगणाच्या कडेला एकजण उभा होता. डोक्यावरून घोंगडी घेतलेला. हातात पितळी वाडगी.

“ह्यो कुणाकडचा?” रत्नानं विचारलं.

बंडूनं दोन बोटांनी चित्र ताणलं. घोंगडी मोठी झाली, वाडगी मोठी झाली, तिच्या काठाचा पोचासुद्धा दिसला. तोंड काही दिसलं नाही. घोंगडीच्या आत नुसता काळोख होता, आणि जितकं ताणावं तितका तो आत आतच जात होता.

“समद्या पाव्हण्यांच्या खाली त्यांच्या गेमचं नाव असतं,” बंडू म्हणाला. “ह्याच्या खाली... मोकळंच हाय.”

त्यानं मोबाईल तिच्या हातात दिला आणि आपला हात पँटीला पुसला. ओला नव्हता तरी पुसला.

रत्नाच्या घरी पाव्हणे काही नवे नव्हते. गडावर येणाऱ्या पोरासोरांना ती पिठलं-भाकरी करून घालायची. पण तिची एक शिस्त होती. आलेल्याला उंबऱ्याशी थांबवायचं, गाव विचारायचं, आणि मग तांब्या पुढं करायचा. ज्याला गाव सांगता येत नाही, त्याला घरातलं पाणी नाही.

दिवेलागणीला सुप्रिया मोबाईल घेऊन चुलीपाशी बसली. रत्ना भाकरी थापता थापता म्हणाली, की त्या घोंगडीवाल्याला त्याचं गाव विचार. सुप्रिया हसली. खेळातल्या पाव्हण्यांना बोलता येत नाही, ते नुसते उभे राहतात, म्हणाली.

“मग त्याला पाणी नगं देऊस.”

“पयल्याच दिवशी दिलं की. दारात आला व्हता, आई. तूच म्हन्तीस ना, पाव्हन्याला तहानलेलं ठिवू नये.”

रत्नाचा हात पिठात थांबला. तव्यावरची भाकरी करपायला लागली तशी ती पुन्हा कामाला लागली. बाहेर वारा पडला होता. गोठ्यातली गाय रवंथ करायची थांबली होती, आणि घरात कसलातरी वास यायला लागला होता. करपल्याचा नव्हे. उन्हाळ्यात गावाखालच्या धरणाचं पाणी मागं सरतं, बुडालेल्या वावरांचे बांध उघडे पडतात, तेव्हा त्या गाळाला येतो तो वास. आता तर धरण काठोकाठ भरलेलं होतं.

“आई,” सुप्रिया मागून म्हणाली, “पाव्हणा निघाला बघ. त्याच्या वाडगीत तांदूळ व्हते, ते आपल्या उंबऱ्यावर वतून वाडगी त्यानं माझ्याम्होरं ठिवली. आता हात पसरून ती परत मागतोय.”

निघाला, एवढंच रत्नाच्या कानात शिरलं. सुटलो, असं तिला झालं. तिनं मान वळवली नाही.

“दे मग. अन् जाऊ दे त्याला.”

“आत काय घालू? कोठीत कायबी न्हाई. तू मोबाईल दडवलास तवा समदं पीक वाळून गेलं.”

आणि रत्ना बोलून गेली. हात तांदळाच्या डब्यात जावा, तशी जीभ गेली.

“रिकामी नगं देऊस. अंगावरचं कायतरी घाल.”

मागं सुप्रियाचं बोट टिचकन वाजलं.

“आई... म्या पैंजण घातलं. पर ती त्याच्या मागं चाललीया. म्या न्हाई चालवत तिला.”

रत्ना पिठाच्या हातानंच वळली. मोबाईलवर घोंगडीवाला बांधावरून लांब लांब चालला होता. त्याच्या मागं पिवळ्या ओढणीची पोर अनवाणी जात होती. बांध संपला, चित्र संपलं, ती दोघं कडेच्या पलीकडं गेली. सुप्रियानं मान वर केली आणि आईकडं बघितलं. त्या बघण्यात काय होतं, ते रत्नाला तेव्हा कळलं नाही. पोर कावरीबावरी झाली असेल, असं तिनं धरलं.

दुसऱ्या दिवशी सुप्रिया कॉलेजातून आली आणि उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

एरवी ती वादळासारखी घुसायची. चपला एक तिकडं एक इकडं, ‘आई भूक’ म्हणत थेट चुलीपाशी. आज चपला जोडीनं लावून, हात पुढं बांधून उभी. रत्नानं “अगं ये की आत,” म्हटलं, तेव्हा आली. तांब्या वरून धरून, ओठ न लावता पाणी प्याली. जेवून उठताना म्हणाली, “भाकरी छान झाली होती.” आपली ताटली स्वतः घासली. उजाडताच गोधडीची चौकोनी घडी करून पडवीत बसली. मुक्कामी राहिलेले लोक बसतात तशी, आपल्याला कुणी काही सांगेल याची वाट बघत.

रत्नानं धनाजीला सांगितलं, तर तो खो खो हसला.

“पोरगी शानी झाली, त्याचंबी तुला दुख?”

रत्ना पोरीवर डोळा ठेवून राहिली. पोरीच्या पायात पैंजण होतं. घुंगरं होती, हलताना दिसत होती. आवाज नव्हता. तिनं पोरीला केस विंचरायच्या निमित्तानं पुढ्यात घेतलं. केसांना गाळाचा वास होता. वेणी घालता घालता ती सहज विचारावं तसं विचारत गेली. लहानपणी तुला विंचू चावला, तेव्हा कुणी उचलून नेलं? तुझी पहिली शेळी कसल्या रंगाची? आजोळच्या दारात झाड कुठलं? सुप्रियानं सगळं बरोबर सांगितलं. एकदाही आठवायला थांबली नाही. पोटची पोर चुकली असती कुठंतरी, आणि चुकून वर भांडली असती.

मोबाईल तिनं परत मागितला नाही. रत्ना कधी कधी एकटीच तो उघडून बघायची. अंगणात टेम्पो होता, धनाजी होता, चुलीपाशी हिरवं लुगडं होतं. पोरीची जागा मोकळी. आणि चुलीपाशी बसलेल्या त्या रत्नाचं तोंड आधी भाकरीकडं असायचं, ते आता दाराकडं वळलेलं.

मग रविवार आला. पुण्याची मंडळी गडावर गेली होती. त्यातली एक बाई पाय दुखतो म्हणून लेकीला घेऊन लवकर उतरली, आणि पडवीत पोत्याला टेकून तिचा डोळा लागला. लेक आठ-नऊ वर्षांची, राजनंदिनी नाव. ती आत चुलीच्या उबेला आईचा मोबाईल घेऊन बसली. उन्हं उतरली होती. रत्ना पिठलं ढवळत होती. सुप्रिया कोपऱ्यात ताटं पुसत होती.

राजनंदिनीनं वर बघितलं, आणि बघतच राहिली.

“काकू, ही ताई माझ्या गेममध्ये येते.”

रत्नाची पळी थांबली. “शेतीच्या?”

“नाही. माझा गाड्यांचा आहे. आमच्या वर्गातल्या मुलीच्या गेममध्ये पण आली होती. तिचा तर बर्फाचा आहे.” पोर आपल्याच नादात सांगत होती. “पिवळी ओढणी असते. रस्त्याच्या कडेला एकटी उभी असते. चप्पल पण नसते.”

“काय करती गं उभी राहून?” रत्नानं विचारलं.

“गाडी थांबवली की विचारते. सगळ्यांना एकच विचारते.”

“काय?”

“पालीची वाट कुठली.”

कोपऱ्यात ताट पुसणारा हात थांबला. रत्नानं तिकडं बघितलं नाही. बघायचा धीर झाला नाही.

“मंग... तुमी काय सांगता तिला?”

“मला कुठं माहीत होतं?” राजनंदिनी म्हणाली. “पण आता आले ना मी इथं. आता सांगते.” आणि ती मोबाईलवर वाकली. बारकी बोटं भराभर चालली. जिभेचं टोक बाहेर काढून ती येताना लागलेली गावं स्वतःशीच पुटपुटत होती, मार्गासनी... मग साखर... मग ओढ्यावरचा पूल... मग वर चढ...

सुप्रिया उठली. तिच्या पायातली घुंगरं हलली आणि वाजली नाहीत. ती शांतपणे पडवीत गेली, झोपलेल्या बाईला ओलांडून बाहेरच्या दारापाशी पोचली, दार लोटलं आणि कडी घातली. इतक्या दिवसांत तिनं त्या घराच्या दाराला न विचारता हात लावला, तो हा पहिल्यांदा.

रत्ना तांब्या हातात घेऊन उभी होती. तो कधी उचलला, तिचं तिला ठाऊक नव्हतं.

खालच्या ओढ्याकडून आवाज आला. छुम... छुम... अनवाणी पायांनी चढ चढावा तसा, मधेच थांबत, दमत. धोंडाबाईच्या परसाजवळून आला. गोठ्याजवळून आला. गाय हंबरली, ओळखीच्या माणसाला हंबरते तशी. मग आवाज दाराशी आला आणि उंबऱ्याबाहेर थांबला. कडी वाजली नाही. हाक आली नाही. कुणीतरी नुसतं उभं होतं, आत बोलावण्याची वाट बघत.

रत्ना पुढं झाली. कडीला हात लावला. तिच्या मनगटावर दुसरा हात येऊन बसला, गार, ओलसर.

“थांब आई,” सुप्रिया हळू म्हणाली, आणि हसली. “आधी गाव विचार.”