उलट्या दोऱ्याची पुडी

आजोबांनी मिठाच्या एका पोत्यावर हे दुकान सुरू केलं. वडिलांनी साबणापासून खिळ्यांपर्यंत सगळं आणून ते वाढवलं, आणि आता दोघे भाऊ ते चालवत होते. पंचक्रोशीत दुसरं दुकान नव्हतं. पुड्या मात्र अजून आजोबांच्याच पद्धतीने बांधायच्या: कागदाची घडी, वर दोरा, आणि शेवटी तो दाताने तोडायचा.

महिनाभर असं चाललं होतं. थोरला दुपारचं जेवून येऊन कुलूप काढायचा, तर फळीवर एक बांधलेली पुडी तयार! आणि त्यानंतर येणारं पहिलं गिऱ्हाईक नेमकं त्या पुडीतलंच मागायचं. दोरा उलटा गुंडाळलेला, डावखुऱ्या हाताचा. घरात डावखुरा एकच, धाकटा. म्हणजे हा पठ्ठ्या दुपारी चोरून दुकान उघडतो आणि आपली वेगळी गिऱ्हाइकं जोडतो. कुंपणच शेत खात होतं! वडिलांनीही असाच संशय घेऊन काकांना हाकललं होतं. काका परत आले नाहीत, त्यांच्या मरणाची बातमी तेवढी आली. तेही डावखुरेच, पण संशय मानगुटीवर बसला की माणसाला अशा गोष्टी आठवत नाहीत.

आज धाकट्याला रंगेहाथ पकडायचं आणि घराबाहेर काढायचं, असं ठरवून थोरला जेवायला गेलाच नाही. दार लोटून, धाकट्याने ढकललं की तिथेच धरू म्हणून आतून कडी घालून, तो पोत्यांमागे बसून राहिला. भर दुपारी आत मिट्ट काळोख. रॉकेलचा वास घशात बसत होता.

बऱ्याच वेळाने फळीपाशी कागद सळसळला.

"धाकट्या... तूच ना?"

फक्त दाताने दोरा तुटल्याचा आवाज. थोरल्याने दाराकडे पाहिलं. कडी तर त्याने स्वतः घातली होती.

तेवढ्यात दारावर थाप पडली.

"दादा... आत आहेस का?" धाकटा बाहेरून हाक मारत होता.

थोरल्याने धडपडत दार उघडलं. धाकटा मान खाली घालून उभा होता.

"एक कुलूप दे. शहरात खोली बघितलीय. तुझी ती नजर आता सोसवत नाही रे, दादा."

थोरल्याने वळून पाहिलं. फळीपाशी कोणी नव्हतं, पुडी मात्र होती. तिच्यात कुलूप आहे, हे हात लावताच कळलं. त्याला स्वतःचीच लाज वाटली, आणि रडू फुटलं.

"कुलूप संपलंय," उभ्या जन्मात तो गिऱ्हाइकाशी पहिल्यांदाच खोटं बोलला. "चुकलं माझं. कुठे जाऊ नकोस... ये, आत ये."

धाकटा उंबऱ्यावरच थबकला.

"दादा... तुझ्या मागे कोण आहे?"

मागे पुन्हा कागद सळसळला. मग रिळावरून दोरा सुटू लागला, आणि या वेळी, माणसाएवढी पुडी बांधायची असावी तसा, बराच वेळ सुटतच राहिला.