गच्चीवरची उंच जागा

दोरीवरची चादर बाजूला सारून वैभवी पुढे झाली आणि समोरच्या तरुणावर जवळजवळ आदळलीच. त्याच्या एका डोळ्याला दुर्बीण होती.

"सॉरी... मला वाटलं, गच्चीवर कुणीच नाही," तो म्हणाला.

२००१ सालचा फेब्रुवारी होता. दुबईतल्या अल क्वोजमधल्या गोदामाचे कॉम्प्युटर रस्त्यापलीकडच्या ऑफिसशी जोडायचे होते. केबलसाठी रस्ता खणायची परवानगी मिळेना, म्हणून दोन्ही गच्च्यांवर लेसरच्या किरणानं माहिती पाठवणारी यंत्रं बसायची होती. ती बसवणारा हा ठाण्याचा निनाद कर्णिक. आणि जागा सुरक्षित असल्याची सही गोदामाच्या सेफ्टी इंजिनियरची, म्हणजे वैभवीची, लागणार होती.

निनादनं कठड्याजवळची जागा दाखवली. वैभवी तिथे जाऊन उभी राहिली.

"मी अशी उभी असले, तर तुमचा लेसर कुठे येईल?"

"डोळ्यांत," तो बोलून गेला आणि कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे... यंत्राच्या अगदी जवळून कुणी बघितलं तरच. पण इथे येतंय कोण?"

तिनं नुसतं दोरीवरच्या कपड्यांकडे बोट दाखवलं. खालच्या खोल्यांतले कामगार सुट्टीच्या दिवशी इथेच कपडे वाळत घालत, कठड्याला टेकून गप्पा मारत. गच्चीला कुलूप लावू, असं निनादनं सुचवलं. मोकळी हवा खायला त्यांना एवढी एकच जागा आहे, असं सांगून वैभवी सही न करताच खाली उतरली. शनिवारी यंत्र सुरू करायचा शब्द त्याच्या साहेबानं गिऱ्हाइकाला दिला होता आणि निनादची नोकरी अजून कच्ची होती, हे तिला ठाऊक होतं. घरी तिला जेवण गेलं नाही.

शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, निनाद पुन्हा आला. कामगारांबरोबर चहा प्यायला. त्यांच्यातल्या रत्नागिरीच्या मुनीरकडून कोण कुठे उभं राहतं ते समजून घेतलं, आणि मग वैभवीला फोन करून बोलावून घेतलं. जिन्याच्या खोलीवर खांब उभारायचा, तर शेजारच्या एसीच्या गरम हवेनं किरण थरथरला असता. दोघांनी उन्हात फिरून शेवटी पाण्याच्या टाकीमागची भिंत निवडली. तिथे किरण माणसाच्या डोक्याच्या हातभर वरून जाणार होता. शिडीवरच्या निनादला पाना देताना बोटांना बोटं लागली... दोघंही उगाच नट-बोल्ट मोजू लागले.

उशिराचं कारण त्यानं साहेबाला लिहून दिलं : पहिली जागा निवडण्यात माझी चूक झाली. साहेबानं त्याचं प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढवलं. हे तिला मुनीरनं सांगितलं. निनाद अवाक्षर बोलला नव्हता.

सोमवारी यंत्रावरचा हिरवा दिवा लागला. वैभवीनं सही केली. कागद घेऊनही निनाद तिथेच घुटमळला.

"इथलं काम खलास. आता तुम्हाला भेटायला काय कारण काढू? शारजाला अल नहदात तुमच्या दादा-वहिनींकडे आलो, तर काय सांगू?"

"खरं असेल ते."

"खरं... लग्न करायचंय तुमच्याशी."

वाऱ्यानं तोंडावर आलेली ओढणी वैभवीनं हळूच सारली.

"मग सकाळी या," ती म्हणाली. "संध्याकाळी शारजाच्या रस्त्यावर गाड्या तासतासभर अडकतात. मला तेवढी वाट बघवणार नाही."