ठोके आहेत

रुग्णालयात तिला पाठीमागे सगळे भूलबाई म्हणत. भूल देणारी डॉक्टर म्हणून भूलबाई. ते नाव तिच्या कानावर केव्हाच गेलं होतं आणि तिला त्याचं काही वाटत नसे. माणसाला झोपवायचं, कापाकापी चालू असेपर्यंत त्याच्या उशाशी बसायचं आणि परत जागं करायचं, हे तिचं काम. समोरचा मॉनिटर हिरव्या रेघा काढत असला, तरी तिची दोन बोटं रुग्णाच्या मनगटावरून हलत नसत. नवे डॉक्टर चिडवत, "मॅडम, मग मशीन कशाला ठेवलंय?" ती म्हणे, "मला सोबत म्हणून."

प्रसूती विभागात मेट्रनबाईंचा रोजचा एक शिरस्ता होता. पोटातल्या बाळाचे ठोके ऐकवणारं डॉप्लर, हातात मावेल एवढं यंत्र, सकाळी आधी त्या स्वतःच्या मनगटाला लावून बघत. त्यांचा स्वतःचा संथ ठोका स्पीकरमधून आला की यंत्र ठीक. मग राउंड. आवाज मोठा ठेवायचा, हा मोठ्या डॉक्टरांचा नियम होता. बाईला ऐकू गेलं पाहिजे, नातेवाइकांना गेलं पाहिजे, दारात उभा असेल त्यालाही. "आत कोणीतरी आहे हे सगळ्यांना कळू दे," असं ते म्हणत.

मोठे डॉक्टर वाईट माणूस नव्हते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे त्यांचा राग येणार आहे. निम्मं शहर त्यांच्या हातावर जन्मलेलं. अडलेल्या बाईसाठी भरल्या ताटावरून उठून येणारा माणूस. त्यांचं म्हणणं एवढंच, की ज्याचा ठोका ऐकू येतो त्याला संपवायचा अधिकार डॉक्टरला नाही. त्या मुलखातला कायदाही तेच म्हणत होता. भूलबाईचं मत उलटं. चहाच्या वेळी दोघांची जुंपायची. ती म्हणायची, "पोट जिचं, तिला विचारा." ते म्हणायचे, "आणि पोटात आहे त्याला कोण विचारणार?" मग दोघं आपापले कप विसळून ठेवत आणि कामाला लागत. वाद चहापुरता होता.

मग तिची धाकटी बहीण दाखल झाली.

धाकटीला हे मूल हवं होतं, अगदी जीव टाकून हवं होतं. खिडकीजवळचं शिलाई मशीन हलवून तिने पाळण्याला जागा करून ठेवली होती. आणि पाचव्या महिन्यातच तिच्या पोटातलं, बाळाभोवतीचं पाणी गेलं. थेंबसुद्धा उरला नाही. बाळ वाचायची आशा नव्हती, आणि आता धाकटीच्या अंगात विष भिनायला वाट मोकळी झाली होती. हे मोठ्या डॉक्टरांनाही ठाऊक होतं. त्यांनी स्वतः तपासलं आणि स्वतः सांगितलं.

"मग मोकळं करा, सर. आजच," भूलबाई म्हणाली.

"ठोके आहेत."

"आज आहेत, उद्या नसतील. तोवर हिला काय होईल?"

"डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवू. पण ऐकू येत असताना मी हात लावणार नाही."

भूलबाईने आशेने कॉटपाशी बसलेल्या आईकडे पाहिलं. आईने मान फिरवली. "जीव आहे तो," आई म्हणाली. "तू रोज माणसं झोपवतेस म्हणून तुला सोपं वाटतं. मी नाही म्हणणार, मोकळं करा म्हणून. माझ्याच्याने नाही होणार."

"आणि ही? ही जीव नाही?"

"ओरडू नकोस गं," कॉटवरून धाकटी म्हणाली. "मला दोघंही हवेत. पण ताई, दोघं नसतील मिळत, तर मला जगायचंय. हे बोलले म्हणून मी वाईट का?"

भूलबाईने नदीपलीकडच्या रुग्णालयात फोन केला. तिथल्या डॉक्टरबाईंनी आधी ठोक्यांचंच विचारलं आणि हात वर केले. धाकटीचा नवरा जहाजावर होता. त्याला निरोप गेला, पण तो समुद्रातून काय करणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी मेट्रनबाईंनी नेहमीप्रमाणे डॉप्लर मनगटाला लावलं. स्पीकरमधून भराभरा, एकसारखे ठोके आले. शिलाई मशीनला पाय लावल्यासारखे.

मेट्रनबाई हसल्या. "बघा, या वयात माझ्या मनगटाला दिवस गेले." मग त्यांनी स्वतःची नाडी बोटांनी बघितली आणि त्यांचं हसू मावळलं. नाडी संथ होती.

बॅटरी बदलली. तेच. बाह्यरुग्ण विभागातून दुसरं यंत्र आणलं. तेही तेच बोलू लागलं. भूलबाईने डॉप्लरची दांडी कॉटच्या कडीला लावली, औषधांच्या टेबलाला लावली, भिंतीला लावली. भिंतीतून ठोके आले. तिने ते यंत्र तसंच उचललं, तरातरा मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेली आणि त्यांच्या लाकडी मेजावर टेकवलं.

मेजातूनही तेच ठोके आले.

"सर, या टेबलाला गर्भ आहे का?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "कुठून येतायत ते मला सांगता येत नाही. पण येतायत."

"यंत्र बिघडलंय."

"दोन्ही? एकदम?" ते हळूच म्हणाले. त्यांचा चेहरा घाबरलेला नव्हता, आणि तिला त्याचाच संताप आला. देवळात उभा राहिल्यासारखा माणूस उभा होता.

दुपारी धाकटीला हुडहुडी भरली. अंगाला वास येऊ लागला. भूलबाईने तिच्या मनगटाला डॉप्लर लावलं, तर तिथेही तेच भरभर ठोके. धाकटीचा स्वतःचा ठोका त्यात नव्हता. तिने छातीला तारा जोडून मॉनिटर लावला. पडद्यावर रेघ उमटली ती बाळाच्याच तालात. इमारतीतलं एकही यंत्र तिच्या बहिणीला ऐकायला तयार नव्हतं. तळपायाची आग मस्तकात गेली, पण डोकं फिरवून चालणार नव्हतं. तिने यंत्रं बाजूला सारली आणि दोन बोटं धाकटीच्या मनगटावर ठेवली. तिथे होती ती. बोटांखाली होती. आणि धावत होती.

"सर, हिची नाडी पळतेय. बीपी पडतंय. विष भिनलंय."

मोठ्या डॉक्टरांनी पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर सगळं आलबेल होतं. एका निरोगी बाळाचं असावं तसं.

"तुमच्या बोटांवर विसंबून मी एक जीव घेऊ शकत नाही," ते म्हणाले. "समजून घ्या."

"तुमचे कान चालतात आणि माझी बोटं नाही?"

आता आई उठली. तिने धाकटीच्या कपाळावर हात ठेवला होता, आणि तो चटका बसल्यासारखा मागे घेतला होता. "डॉक्टरसाहेब, करा मोकळं," ती म्हणाली. "काल मी काय बोलले ते सोडून द्या. माझी पोरगी चाललीय."

"ठोके थांबू द्या, आई. थांबले की लगेच घेतो. थिएटर तयार ठेवलंय मी."

खरोखरच ठेवलं होतं. दिवेसुद्धा लावून ठेवले होते.

"ताई," धाकटी म्हणाली, "आवाज बारीक कर ना."

भूलबाईने मॉनिटरचं बटण फिरवलं. आवाज बारीक झाला नाही. तिने त्याची तार उपटली. तरीही.

बोटांखालची नाडी आणखी पळू लागली. आणखी. मग एका क्षणी स्पीकरमधला ठोका आणि बोटांखालचा ठोका एकदम पडला. पुढचाही. पुढचाही. तिला कळेना, आपण कोणाला धरून बसलोय.

"सर, आता दोन्ही एकच आहेत."

त्यांची नजर पडद्यावरच होती.

बोटांखालचा ठोका अडखळला.

पुन्हा आला. पुसट.

मग आला नाही.

भूलबाई कॉटवर चढली आणि धाकटीची छाती दाबू लागली. दाबत राहिली. मेट्रनबाई धावल्या, इंजेक्शनं झाली. भूलबाईचे हात भरून आले, केस सुटले, आणि त्या सगळ्या वेळात स्पीकर चालूच होता, भराभरा, एकसारखा. शेवटी मेट्रनबाईंनी तिचे खांदे धरले.

मोठे डॉक्टर डॉप्लर घेऊन पुढे आले. त्यांनी ते धाकटीच्या पोटाला लावलं. मग मनगटाला. मनगट गार पडू लागलं होतं.

"थांबा," ते म्हणाले. "आहेत."

त्या दिवशी आई त्यांच्या अंगावर धावून गेली. भूलबाई गेली नाही. ती धाकटीचं मनगट धरून बसून राहिली. धाकटीला उचलून खोलीबाहेर नेलं तेव्हाच आवाज थांबला, आणि दुसऱ्या सकाळी मेट्रनबाईंच्या मनगटातून पुन्हा त्यांचा स्वतःचा संथ ठोका आला. चौकशी झाली. कोणी नियम मोडला नव्हता.

भूलबाई पुन्हा कामावर आली याचं सगळ्यांना नवल वाटलं. ती मोठ्या डॉक्टरांशी कामापुरतं बोले. आवाज चढवत नसे. चहाला मात्र बसत नसे.

वर्ष उलटलं. एका सकाळी राउंड घेतानाच मोठे डॉक्टर पोट धरून खाली बसले. आतडं फुटलं होतं. सर्जनने धावपळ करून त्यांना थिएटरात घेतलं. उशीर झाला तर काही खरं नव्हतं.

भूलबाई त्यांच्या उशाशी बसली. त्यांच्या बोटाला मॉनिटरचा चिमटा लावला, आणि सवयीने आपली दोन बोटं मनगटावर ठेवली. बोटांखाली नाडी होती. बारीक, थकलेली, अडखळत चाललेली.

मॉनिटर बोलू लागला. भराभरा. एकसारखा.

सर्जनने वर पाहिलं. "सरांची पल्स एवढी?"

मोठ्या डॉक्टरांनी तो आवाज जन्मभर ऐकला होता. त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांनी भूलबाईकडे पाहिलं.

"हे माझे नाहीत," ते म्हणाले.

"नाहीत, सर."

"तुमची बोटं काय सांगतायत?"

"बोटांवर कोण विसंबतं, सर?"

भरलेली सिरिंज तिच्या शेजारी ट्रेमध्ये होती. सर्जन हातमोजे घालून, हात वर धरून उभा होता. ती भूल देईपर्यंत त्याला काहीच करता येणार नव्हतं.

"मॅडम? सुरू करू या?"

भूलबाईने मनगटावरची बोटं उचलली. मॉनिटरचं बटण तिने शेवटपर्यंत फिरवलं, आवाज दारात उभ्या असलेल्या माणसालाही जावा म्हणून. मग स्टूल जवळ ओढलं आणि मांडीवर हात ठेवून बसली.

"थांबा," ती म्हणाली. "ठोके आहेत."